मदत हवी आहे: चौदा वर्षांच्या भाचीला लाइव्ह रॉक कुठे ऐकवू? (पब सोडून)

नमस्कार मंडळी,

भाची नववीत, मुक्काम पुणे. मागच्या वाढदिवसाला इलेक्ट्रिक गिटार मिळाली (खिसा मामाचा), तेव्हापासून घरात डीप पर्पल बँडच्या 'स्मोक ऑन द वॉटर'ची रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) अखंड सुरू आहे. मी सांगून दमलो की त्यांचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर ती पिकने (तारा छेडायच्या चकतीने) नाही, बोटांनी दोन तारा एकदम छेडून वाजवतो. त्यावर "तू समोर बसून पाहिलंयस का?" असं ऐकून घ्यावं लागतं. मुद्दा बिनतोड आहे. तिनेही अजून एकही बँड समोर वाजताना पाहिलेला नाही. किक ड्रम छातीत कसा बसतो, हे हेडफोनवर कसं कळणार?

अडचण अशी की पुण्या-मुंबईतले छोटे गिग (लाइव्ह कार्यक्रम) जवळपास सगळे पबमध्ये. आपल्याकडे बिअरला २१ आणि त्यापुढच्या दारूला २५ वर्षं, त्यामुळे दारावरच वय विचारतात. पोरीला लिंबू सरबत पाजेन म्हटलं तरी आत सोडत नाहीत, आणि त्यांचंही चूक नाही. मैदानातल्या मोठ्या कॉन्सर्टला नेता येईल, पण हजारो रुपये मोजून शेवटी पाहायचा तो स्क्रीनच. मला तिला गिटारवाल्याची बोटं दिसतील इतकं जवळ बसवायचंय.

एके काळी मुंबईत धोबी तलावला रंगभवन होतं. उघड्यावरचं थिएटर, आय-रॉक हा रॉक महोत्सव १९८६ साली सुरू झाला तो तिथेच. रॉक मशीन (पुढे इंडस क्रीड) हा बँड ऐकायला कॉलेजची पोरं लोकलने जायची, दारूच्या परवान्याचा संबंध नाही. जवळच हॉस्पिटल, कॉलेज. शांतता क्षेत्राच्या नियमात ते बंद झालं. रुग्णांना त्रास नको हे मान्यच, पण बदली जागा कुणी दिली नाही याचा राग अजून आहे.

तर विचारायचंय ते असं:

कॉलेज फेस्टिव्हलमध्ये शाळकरी मुलांना पालकांसोबत सोडतात का? आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोला २००९ साली पॉर्क्युपाइन ट्री हा ब्रिटिश रॉक बँड येऊन गेला होता, म्हणजे दर्जाचा प्रश्न नाही. पण बाहेरच्यांची नोंदणी, त्यात वयाची अट, हे अलीकडे जाऊन आलेल्यांनी सांगा. म्युझिक स्कूलचे वार्षिक कार्यक्रम, कॅफेतले दुपारचे गिग, सोसायटीच्या हॉलमधले प्रयोग, काहीही चालेल. फक्त शक्यतो स्वतःची गाणी वाजवणारे बँड सुचवा. 'हॉटेल कॅलिफोर्निया' आता पुरे. मला तिला 'कंदिसा'सारखं काही ऐकवायचंय: केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना घेऊन इंडियन ओशन या बँडने केवढं उभं केलंय! ती म्हणते छान आहे, पण डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम खरखरीत केलेला आवाज) कमी आहे. मेटलकडे कल आहे, काळजी घ्या.

दुसरं, कानांचं. ८५ डेसिबल आठ तास सुरक्षित धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं! छोट्या हॉलमध्ये ड्रम्सजवळ तेवढा आवाज सहज होतो. फोमचे बोळे घातले की झांजा आणि गाणाऱ्याचे शब्द गुदमरतात. फिल्टरवाले म्युझिशियन इअरप्लग कुणी वापरलेत का? लहान कानात नीट बसतात का, सैल होऊन पडतात?

शनिवार-रविवार चालेल, मुंबईही चालेल. रात्री दहाच्या आत आटोपणारं असेल तर उत्तम, कारण परवानगी ताईकडून काढायची आहे. आणि जे काही करायचं ते दहावी सुरू व्हायच्या आधी, हीही तिचीच अट.