चुकांची वही स्वतःसाठी

पीएसपी, म्हणजे पर्सनल सॉफ्टवेअर प्रोसेस, ही प्रोग्रामरने स्वतःच्या कामाचा वेळ, अंदाज आणि चुका नोंदवून काम सुधारण्याची पद्धत. ‘पीएसपी म्हणजे नुसते तक्ते भरणं, त्यापेक्षा टेस्टिंग टीम मजबूत करा’ असं एक मत ऐकलं, ते मला पटलं नाही. सॉफ्टवेअर-तज्ज्ञ वॉट्स हम्फ्री यांनी ही पद्धत मांडली, तेव्हा आधी संपूर्ण संस्थेसाठीची शिस्त स्वतः लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामांवर लावून पाहिली होती. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९९५ मध्ये आलं.

वेळेची नोंद आणि अंदाज हे भाग उपयोगी आहेतच, पण खरा जीव आहे तो चुकांच्या नोंदीत. चूक कोणत्या प्रकारची, कोणत्या टप्प्यात शिरली, कोणत्या टप्प्यात सापडली, दुरुस्तीला किती मिनिटं गेली, एवढंच लिहायचं. थोड्याच दिवसांत आपली खोड दिसू लागते. कुणी लूपची शेवटची फेरी चुकवतो, कुणी रिकामी यादी आली तर काय होईल हे तपासतच नाही. त्यावरून आपली स्वतःची चेकलिस्ट बनते. मग टेस्टिंगला देण्याआधी कोड त्या यादीनुसार वाचायचा, एका वेळी एकच मुद्दा घेऊन, आणि सावकाश: तासाला २०० ओळींपेक्षा जास्त नाही. दुसऱ्याची तयार यादी इथे फारशी कामाची नाही.

आणि हो, हे आकडे अप्रेझलमध्ये वापरायचे नाहीत, हे मॅनेजर मंडळींना निक्षून सांगायला हवं. हम्फ्रींचाही हाच आग्रह होता. आकड्यांवरून पगार ठरू लागला, की लोक चुका लिहिणंच बंद करतात.