स्लीप अॅप्निया निघाला, हेवी लायसन्सचं नूतनीकरण दोन महिन्यांवर

चाकण_लाइन: वय ४६, चाकण ते बंगळुरू मालवाहतूक. झोपेत श्वास अडकतो (स्लीप अॅप्निया) म्हणून झोपेची तपासणी केली, त्यात एएचआय, म्हणजे श्वास अडकण्याचा आकडा, ३८ आलाय. डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, सांगितलंय. लायसन्सच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात (फॉर्म १ए) हे लिहावं लागतं का? लायसन्स अडकेल? झोप बहुतेक केबिनमध्येच होते, तिथे मशीन कशावर चालवायचं?

मोशी_रोड: फॉर्म १ए डॉक्टर भरतात. त्यात नजर, लाल-हिरवा रंग, २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचणं, ऐकू येणं, रातांधळेपणा असले मुद्दे असतात. स्लीप अॅप्नियाचा वेगळा रकाना नाही. मात्र फॉर्म १ म्हणजे तुमचं स्वतःचं घोषणापत्र. तुमच्या गाडी चालवण्याने लोकांना धोका होईल असा दुसरा काही आजार आहे का, असं त्यात सरळ विचारलेलं असतं. उपचार न घेता एएचआय ३८ असताना तिथे 'नाही' लिहिणं म्हणजे खोटी सही.

ट्रान्सपोर्ट लायसन्स पाच वर्षांचं मिळतं, धोकादायक मालाचं तीन. मुदत संपायच्या आधी वर्षभर अर्ज करता येतो, त्यामुळे आजपासूनच तयारीला लागा. मुदत संपल्यावर पूर्वी ३० दिवस चालायचं, ती सवलत मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत गेली.

झोपेचा_हिशेब: कागद सोपा आहे हो, खरं काम मशीनच्या रेकॉर्डचं. एएचआय ३८ म्हणजे तासाला सरासरी ३८ वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो. ३० पासून पुढे तीव्र धरतात. मशीन सुरू होऊन दिवसाची पेंग जाईपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नका, डॉक्टरांनी मोकळीक दिली की मगच.

नंतर ३० दिवसांचा रिपोर्ट काढा. त्यात तीन आकडे बघायचे: वापराचे तास, मशीन लावूनही उरलेला एएचआय (५ च्या खाली हवा) आणि लीक, म्हणजे मास्कच्या कडेने किंवा तोंडातून सुटणारी हवा. ७० टक्के रात्री किमान चार तास, म्हणजे ३० पैकी २१, हा रूढ निकष. पण तो तळ आहे. सात तास झोपून चारच तास मास्क लावला, तर उरलेले तीन तास श्वास अडकतोच.

रात्री चालवणाऱ्यांची इथे एक गोची होते. बऱ्याच मशीनचा दिवस दुपारी १२ ते दुपारी १२ असतो. मधेच एखाद्या दिवशी सकाळी ९ ते दुपारी ३ झोपलात, तर सहा तासांचे दोन तारखांत तीन-तीन होतात आणि रिपोर्टमध्ये दोन्ही दिवस नापास होऊ शकतात. डॉक्टरांना आधीच सांगा, नाहीतर 'मशीन वापरत नाही' असा शेरा पडतो.

दिवसाची पेंग मोजणाऱ्या एपवर्थच्या प्रश्नावलीत (२४ पैकी १० च्या वर म्हणजे जास्त पेंग) लायसन्सच्या भीतीने कमी गुण भरू नका. डॉक्टरांना शंका आली, तर मंद उजेडात जागं राहण्याची चाचणी सांगतात: ४० मिनिटांच्या चार फेऱ्या, दोन-दोन तासांनी. तिथे खोटं चालत नाही.

ऑटो_वायरमन: ट्रकचं २४ व्होल्ट म्हणजे दोन १२ च्या बॅटऱ्या सिरीजमध्ये. १२ व्होल्टचं मशीन एकाच बॅटरीवर जोडायचा जुगाड करू नका. ती बॅटरी उतरते, दुसरी जास्त चार्ज होऊन खराब होते. मशीन २४ चं असलं तरी थेट जोडू नका. इंजिन चालू असताना लाइनला २८ च्या आसपास व्होल्टेज असतं. मशीनच्या कंपनीचाच डीसी कन्व्हर्टर घ्या आणि बॅटरीजवळ फ्यूज टाका.

ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी) आणि गरम नळी बंद ठेवली, तर साधारण ३० वॅट लागतात. आठ तासांचे २४० वॅट-तास, म्हणजे २४ व्होल्टवर १० अॅम्पिअर-तास. सकाळी स्टार्टरला अडचण येत नाही. ह्युमिडिफायर वापरलाच, तर गाडी हलवण्याआधी टाकी रिकामी करा. खंबाटकीच्या वळणावर टाकीतलं पाणी मोटरीत गेलं की मशीन गेलं.

चाकण_लाइन: नाकाचा मास्क लावून सकाळी तोंड कोरडं पडतं, लीक पण दाखवतोय.

झोपेचा_हिशेब: झोपेत तोंड उघडतंय. नाक चोंदलेलं असेल तर आधी त्यावर औषध घ्या. सर्दीची सुस्ती आणणारी गोळी मात्र नको. तरी थांबलं नाही तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क. त्याखाली दाढी असली की कडेने हवा सुटते, आणि पट्टे आवळून ती थांबत नाही.