'अतिक्रमण', 'वाटप' की 'मान्यता'? कसलेल्या वनजमिनीसाठी नेमका शब्द

अक्षरवेल:
मी एका साप्ताहिकासाठी बातम्या तपासते. परवा एका बातमीला मथळा आला होता: 'अतिक्रमणधारक आदिवासींना वनपट्ट्यांचे वाटप'. मजकुरात चूक नव्हती, पण मथळा काही केल्या पुढे सरकू देईना. चार पिढ्या जी माणसं त्या उतारावर नागली-वरई पिकवताहेत, ती अतिक्रमणधारक कशी? आणि ज्याचं त्यालाच मिळालं तर ते वाटप कसं? 'कब्जेदार' लिहून पाहिलं, पण त्यालाही पोलीस ठाण्याचा वास येतो. मराठीत याला धड शब्द आहे का?

सह्यकडा:
अतिक्रमण म्हणजे मर्यादा ओलांडून पुढे टाकलेलं पाऊल. म्हणजे आधी मर्यादा हवी आणि मग ती ओलांडणारा हवा. इथे क्रमच उलटा आहे. माणसं आधी होती, रेघ नंतर आली. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वन कायद्याखाली डोंगरच्या डोंगर राखीव झाले आणि आत राहणारे, कसणारे कागदावर उपरे ठरले. हे कुणा कार्यकर्त्याचं भाषण नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेतच म्हटलंय की राज्याची जंगलं आखताना या लोकांच्या हक्कांची पुरेशी दखल घेतली गेली नाही, इंग्रजांच्या काळात नाही आणि स्वतंत्र भारतातही नाही, आणि त्यातून 'ऐतिहासिक अन्याय' झाला.

शब्दाने काय होतं तेही सांगतो. मे २००२ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने राज्यांना कळवलं की जंगलातली अतिक्रमणं ३० सप्टेंबरपर्यंत काढा. 'अतिक्रमण' एकदा फाइलीत शिरलं की पुढचं क्रियापद 'हटवणे' हेच येतं. दुसरं क्रियापद त्या नामाला चालतच नाही. म्हणून तुम्ही अडलात ते बरं केलंत.

नागलीभाकर:
२००८ मध्ये या वनहक्क कायद्याचे नियम आले तेव्हापासून काही वर्षं मी जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कसलेल्या जमिनीवरच्या हक्काच्या दाव्यांचे अर्ज भरायला मदत करत होते. तिथे ऐकलेलं सांगते.

लोक स्वतः 'अतिक्रमण' कधीच म्हणत नाहीत. ते म्हणतात 'पलाट'. 'आमचा पलाट त्या टेपाडाला.' हा इंग्रजी प्लॉटच, जंगलखात्याच्या तोंडून आलेला. काही जमिनी पूर्वी वर्षावर्षाच्या बोलीने कसायला दिल्या जात, त्यांना 'एकसाली' म्हणत. त्या शब्दातच किती धाकधूक आहे बघा. नातवंडं झाली तरी जमीन आपली एकाच सालाची.

लिहिण्यासाठी मला सर्वांत योग्य वाटतो तो 'वहिवाट'. वहिवाटीचा रस्ता, वहिवाटीची विहीर आपण सहज म्हणतो. कागद कुणाकडे आहे हे त्या शब्दाला विचारावं लागत नाही, वापर किती जुना आहे एवढंच तो सांगतो. क्रियापद हवं तर 'कसणे' आहेच. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आपल्याच भाषेतली. कूळकायद्याने ती खासगी जमिनीवरच्या कुळांपर्यंत नेली, जंगलाच्या हद्दीपलीकडे मात्र ती पोचली नाही.

आता 'दावा'. कायद्याच्या व्यवहारात हाच शब्द रूढ आहे, टाळता येणार नाही. पण वर्तमानपत्री मराठीत 'असा दावा त्यांनी केला' म्हणजे 'खरं असेलच असं नाही', आणि 'दावा साधणे' म्हणजे तर वैर. म्हातारी माणसं विचारायची, 'दावा कुणावर करायचा?' त्यांना वाटे कोर्टात कुणाशी तरी भांडायला नेताहेत. मग आम्ही 'मागणीचा कागद' म्हणू लागलो आणि माणसं बोलती झाली.

एक दिवस डोळ्यांसमोरून जात नाही. पुराव्याला जंगलखात्याच्या दंडाची पावती, जुनी नोंद असं काही नसलेलं एक कुटुंब होतं. नियम १३ मध्ये पुराव्यांची जी यादी आहे तिच्यात घर, बांध, सपाटीकरण तर आहेच, शिवाय विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थानं, वंशावळ आणि अर्जदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं निवेदनही आहे. म्हणून शेजारच्या पाड्यातल्या आजीला घेऊन गेलो. काठी टेकत ती पुढे, आम्ही वही घेऊन मागे. तिने हद्द सांगायला सुरुवात केली ती चिंचेपासून. मग ओहळ, मग जिथे तिच्या सासऱ्याने बांधाला दगड रचले ती जागा, आणि शेवटी वाघदेव. लाकडी खांब, त्यावर वाघ, वर चंद्रसूर्य, शेंदूर पार उडालेला. वाघबारशीला नारळ इथेच फुटतो, म्हणाली. तिने तिथेच हात जोडले आणि मला म्हणाली, लिही.

मी लिहिलं. त्या कागदावर देव हा हद्दीची खूण होता आणि पुरावाही. जमिनीचा हक्क वेगळा आणि संस्कृतीचा वारसा वेगळा असं पुस्तकात दोन प्रकरणं पाडून शिकवतात, त्या उतारावर ते एकाच खांबावर उभे होते. तो खांब उपटला असता तर शेत कुठवर हेही हरवलं असतं.

पहिल्यांदा तो अर्ज परत आला. शेरा होता 'पुरावा अपुरा'. आजीचं निवेदन कुणी वाचलंच नव्हतं. ग्रामसभेचा ठराव जोडून पुन्हा दिला, आणि तेव्हा मानला गेला.

ओहळ:
नागलीभाकर, फार मोलाचं लिहिलंत. बोलीभाषांमध्ये या जमिनींना स्वतःची नावं आहेत, ती बातम्यांत यायला हवीत. नर्मदेच्या खोऱ्यात भिल्ल-भिलाला 'नेवाड' म्हणतात. रायगडात कातकरी आणि ठाकरांच्या 'दळी' जमिनी आहेत. गोव्यात वेळीप-गावड्यांची डोंगरउतारावरची फिरती शेती म्हणजे 'कुमेरी'. यातल्या एकाही शब्दात चोरी नाही, ओलांडणं नाही. त्या नावांत फक्त डोंगर आणि त्यावरची मेहनत आहे.

अक्षरवेल:
'वहिवाट' घेतला. पण 'पट्टेवाटप' तर सगळेच लिहितात, मंत्रीही तेच म्हणतात. ते बदलू का?

सह्यकडा:
बदला. 'भाडेपट्टा' आठवा, पट्टा म्हटलं की देणारा मालक आणि घेणारा भाडेकरू हे नातं आलंच. कायद्याचं नाव बघा: 'अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६'. कंसातला शब्द 'मान्यता' आहे. मान्यता आधीपासून असलेल्या गोष्टीलाच देता येते. वाटप आपल्याकडचं करतात, साड्यांचं, छत्र्यांचं.

नागलीभाकर:
अगदी हेच. आणि 'मालकी'ही लिहू नका. व्यक्तिगत हक्क कमाल चार हेक्टर, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनच्या ताब्याला. तो वारसाने मिळतो, पण विकता येत नाही. गावाच्या सामूहिक हक्कात तर जंगल राखण्याची आणि सांभाळण्याची जबाबदारीही आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर तो हक्क मिळाला. 'मावा नाटे मावा राज' हे त्यांचं गोंडी वाक्य: आमच्या गावात आमचं राज्य. त्यात 'मालक' कुठेच नाही.

'फेटाळलेला दावा' यालाही जपा. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा लोकांना जंगलाबाहेर काढण्याचा आदेश दिला होता. पंधरवड्यातच त्याला स्थगिती मिळाली, पण त्या दिवसांत पाड्यांवर झोप नव्हती. आमच्या आजीच्या निवेदनासारखी निवेदनं न वाचताच परत पाठवलेले कागद त्या 'फेटाळलेल्या'त धरले जातात. तुमच्या बातमीदाराला विचारा, किती मान्य झाले यासोबत किती परत पाठवले आणि काय कारण दिलं.

ओहळ:
'आदिवासी' की 'वनवासी' हा वाद इथे नको, त्यावर स्वतंत्र चर्चा करू. माझ्यापुरतं उत्तर साधं आहे: लोक स्वतःला जे म्हणवतात ते लिहावं. मथळ्यात जमातीचं नाव घाला. वारली असतील तर वारली, कोलाम असतील तर कोलाम.

अक्षरवेल:
मथळा केला: 'वारली कुटुंबांच्या पिढ्यानपिढ्यांच्या वहिवाटीला वनहक्काची मान्यता'. लांब आहे, पण दोन ओळींत बसवला. फोटोखाली 'पट्टे स्वीकारताना लाभार्थी' होतं, तिथे 'वनहक्काची प्रमाणपत्रं घेताना पाड्यातले शेतकरी' केलं.

बातमीदाराला फोन केला तेव्हा कळलं की परत आलेल्या अर्जांची यादी त्याने मागितलीच नव्हती, आता मागतोय. नागलीभाकर, एक विचारायचं राहिलं. त्याने दिलेल्या यादीत सगळी नावं पुरुषांचीच आहेत. असं असतं का?

नागलीभाकर:
नसावं. विवाहित जोडप्याचा हक्क दोघांच्या नावे नोंदवायचा, असं कायद्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट आहे. प्रमाणपत्रांचे फोटो मागवा आणि बायकांची नावं वाचून छापा.