मदत हवी आहे: लाकडी खेळणी जर्मनीला पाठवायची आहेत. सीई, जीएस, आयएसआय यातलं सक्तीचं काय?

भोवरा_कुडाळ:
नमस्कार मंडळी. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या कारागिरांकडून लाकडी खेळणी करून घेऊन आम्ही पुण्या-मुंबईच्या दुकानांना देतो. भातुकली, भोवरे आणि सगळ्यात जास्त खपणारी फळं-भाज्यांची टोपली. आता जर्मनीतल्या एका दुकानदाराने टोपल्यांची चौकशी केली आहे. मेलमध्ये त्याने सीई खूण (युरोपच्या नियमांत माल बसतो असं सांगणारी) आणि ईएन ७१ चे, म्हणजे तिथल्या खेळणी-सुरक्षा मानकाचे, रिपोर्ट मागितलेत, शिवाय 'जीएस असल्यास उत्तम' असंही लिहिलंय.

इथला एक सल्लागार म्हणतो, आठ दिवसांत सीई सर्टिफिकेट आणून देतो, नमुने पाठवायचीही गरज नाही. मला हे काही पटेना. खेळणं न बघता कोण काय प्रमाणित करणार?

तर, यात कायद्याने लागतं ते काय आणि हौसेचं काय? आयएसआय मार्क नसला तर माल इथल्या कस्टम्समध्ये अडेल का? मामेभाऊ न्यू जर्सीला असतो, त्यालाही थोडा माल हवाय. तिकडे हेच रिपोर्ट चालतील का?

वांग्याचं देठ वेगळं कातून चिकटवलेलं असतं आणि मिरची करंगळीच्या दोन पेरांएवढी आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

रिपोर्टवाचक:
तो कागद घेऊ नका. खेळण्यांसाठी सीई कुणी 'देत' नाही, ती उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर लावायची खूण आहे. ईएन ७१ सारखी मानकं तुमच्या खेळण्याला पूर्ण लागू पडत असतील तर त्रयस्थ संस्थेकडून प्रमाणपत्र घ्यायची सक्ती नाही. पण चाचण्यांचे रिपोर्ट, धोक्यांचं मूल्यमापन, रंग-लाकूड-गोंदाची माहिती अशी फाइल तयार हवी आणि ती १० वर्षं सांभाळायची. तिच्या आधारावर अनुरूपतेच्या घोषणेवर, म्हणजे खेळणं नियमांत बसतं या लेखी हमीवर, सही करणार तुम्हीच. उद्या तिथल्या तपासणीत माल सापडला तर सल्लागाराच्या कागदाला कुणी विचारणार नाही.

जीएस ऐच्छिक आहे. ती जर्मनीतली सुरक्षा-खूण, मान्यताप्राप्त संस्थाच देते, आणि कारखान्याची तपासणीही होते. पहिल्या छोट्या ऑर्डरसाठी तो खर्च मी तरी करणार नाही. 'असल्यास उत्तम' म्हणजे नसलं तरी चालेल, हे दुकानदाराकडून मेलवर लिहून घ्या. एकदा ऑर्डरच्या अटींत घुसलं की कायद्याने ऐच्छिक असूनही तुमच्या डोक्यावर बसेल.

आयएसआयचं म्हणाल तर १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकायच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे, निर्यातीच्या मालाला नाही. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनाही सूट आहे. तुमच्या कारागिरांची नोंदणी आहे ना, ते मात्र बघा, कारण पुण्या-मुंबईचा माल त्याच्यावरच चालतो.

आता मिरची. तिथेच खरी गोची आहे. ३ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला कुठलाही भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या तिरक्या तळाच्या नळीत दाबल्याशिवाय पूर्ण मावला की नापास. तुमची मिरची मावणार. देठ धरून ९० न्यूटनने, म्हणजे साधारण ९ किलो वजनाच्या जोराने ओढतात. चिकटवलेलं लाकडी खेळणं पाण्यात बुडवूनही बघतात. 'तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही' असं छापून सुटका नाही, कारण खेळण्याचं स्वरूपच रांगत्या मुलाचं असेल तर ती सूचना ग्राह्य धरत नाहीत.

एडिसनकर:
अमेरिकेत गणित वेगळं. मुलांच्या वस्तूंना तिथे सीपीएससीने (ग्राहकोपयोगी वस्तूंची सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) मान्य केलेल्या लॅबचाच रिपोर्ट लागतो, नुसती स्वतःची घोषणा चालत नाही. त्यावरून चिल्ड्रन्स प्रॉडक्ट सर्टिफिकेट काढायचं ते आयात करणाऱ्याने, म्हणजे तुमच्या मामेभावाने. त्याला हे आधी सांगा, नाहीतर नात्यात खडे पडतील! मानकही वेगळं, एएसटीएम एफ९६३. रंगात एकूण शिसं किती ते बघतात, मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग). युरोपात पोटातल्यासारख्या आम्लात किती झिरपतं ते मोजतात, खरवडलेल्या रंगासाठी किलोमागे २३ मिलिग्रॅम. त्यामुळे आपल्याकडच्या रंगाच्या डब्यावर '९० पीपीएमपेक्षा कमी' लिहिलंय एवढ्यावर जर्मनीचं काम भागत नाही.

पेटारा:
सगळे खेळण्यावरच बोलताय. माल लाकडी खोक्यातून किंवा पॅलेटवर जाणार असेल तर त्या लाकडाला आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा, शिक्का लागतो. उष्णतेची प्रक्रिया केली तर लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटं. हे मात्र सक्तीचं. छोटी ऑर्डर आहे, पुठ्ठ्याची खोकी वापरा, प्रश्नच मिटला. लाकूड कायदेशीर असल्याचं 'वृक्ष' प्रमाणपत्र हस्तकला निर्यात परिषदेकडून मिळतं, ते ऐच्छिक.

भोवरा_कुडाळ:
सगळ्यांचे आभार. सल्लागाराला 'नको' म्हणून कळवलं. कारागीर म्हणतात, देठासकट वांगं एकाच लाकडात कातता येईल, फक्त लाकूड जास्त वाया जाईल. मिरची काढूनच टाकतो. शेवटचं एक: टोपलीत नऊ रंग आहेत. लॅब चाचणी टोपलीची धरते की रंगांची?

रिपोर्टवाचक:
रासायनिक चाचणी रंगागणिक. दोन रंग मिसळून केलेली छटा वेगळी धरली जाते. तेव्हा आधी छटा पाच-सहावर आणा, मग कोटेशन मागा. रंग खरवडून घेतात, म्हणून देठाच्या हिरव्यासारख्या थोड्याशा रंगासाठी जास्त नग पाठवावे लागतील. आणि रिपोर्टमध्ये आला तोच रंग, त्याच कंपनीचा, पुढेही वापरायचा. मधेच बाजारातून दुसरा डबा आणलात तर तो रिपोर्ट त्या मालाचा राहत नाही.