प्रथम वर्षासाठी पहिली भाषा: सी की पायथन?

प्रश्न
नमस्कार. मी बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या प्रथम वर्षाला शिकवते. अभ्यासक्रमाची फेरआखणी सुरू असून पहिल्या सत्रात प्रोग्रॅमिंगची भाषा म्हणून सी कायम ठेवावी की पायथन आणावी, यावर आमच्या विभागात एकमत होत नाही. बहुतेक विद्यार्थ्यांनी बारावीपर्यंत एकही प्रोग्रॅम लिहिलेला नसतो. ज्यांनी हा बदल वर्गात अनुभवला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
मॅडम, माझे मत पायथनच्या बाजूने आहे. सीमध्ये दोन संख्या वाचून त्यांची बेरीज करायची म्हटली, तरी स्कॅनएफ या संख्या वाचणाऱ्या आज्ञेत चलाच्या आधी अँपरसँड (&) द्यावा लागतो, आणि विद्यार्थ्याने त्याचे कारण विचारले की "ते पुढे पॉइंटरमध्ये कळेल" असे सांगून आपण त्याला थांबवतो (पॉइंटर म्हणजे स्मृतीतील जागेचा पत्ता ठेवणारे चल). पहिल्याच आठवड्यात न समजता पाठ करण्याची सवय लागते, ती पुढे सुटत नाही. सी ही १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी घडली; याउलट पायथनला जिच्यापासून प्रेरणा मिळाली, ती एबीसी ही भाषा ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत नवशिक्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच तयार केली गेली होती.

प्रतिसाद २
पायथनमध्येही काही गोष्टी झाकलेल्या राहतात. एक लिस्ट (मूल्यांची यादी) दुसऱ्या नावाला दिली आणि दुसऱ्या नावाने तिच्यात भर घातली, की पहिल्या नावाखालीही तोच बदल दिसतो; स्मृतीचे चित्र मनात नसलेला विद्यार्थी तेथे हमखास गोंधळतो. माझ्या मते अडचण सीपेक्षा आपल्या प्रयोगशाळांतील टर्बो सी या जुन्या कंपायलरची (प्रोग्रॅम यंत्रभाषेत आणणाऱ्या साधनाची) अधिक आहे. त्यात पूर्णांक १६ बिटांचा असल्यामुळे ३२७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही; ३२७६७ मध्ये एक मिळवला की उत्तर उणे ३२७६८ येते, आणि ८ चे फॅक्टोरियलही (१ ते ८ चा गुणाकार, ४०३२०) चुकते. निदान जीसीसी हा आजचा मोफत कंपायलर तरी वापरावा.
आयआयटी मुंबईच्या प्रा. अभिराम रानडे यांनी सीवरूनच वाढवलेल्या सी प्लस प्लस या भाषेसाठी केलेली सिंपलसीपीपी लायब्ररी (तयार आज्ञांचा संच) अवश्य पाहावी. तीत विद्यार्थी आरंभीच पडद्यावरच्या कासवाला पुढे जाण्याच्या व वळण्याच्या आज्ञा देऊन चौकोन काढतो. चार वेळा तेच लिहिण्याऐवजी 'रिपीट' वापरतो, आणि लूप (त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा करून घेणारी रचना) म्हणजे काय हे व्याख्येआधी त्याच्या हाताला कळते. भाषा तीच ठेवूनही प्रवेशद्वार सोपे करता येते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

प्रतिसाद ३
आमच्याकडे पायथन आली, परंतु लेखी परीक्षा कागदावरच राहिली. पायथनमध्ये ओळ किती आत सरकवली यावर अर्थ ठरतो. उत्तरपत्रिकेत एखादी ओळ जराशी डावीकडे गेली तर ती लूपमधील की बाहेरची, हे तपासणाऱ्याला ठरवता येत नाही. त्यावरून गुणांचे वाद झाले. भाषा बदलण्यापूर्वी परीक्षा संगणकावर घेता येईल का, हे आधी पाहावे.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तरपत्रिकेचा मुद्दा आमच्या चर्चेत आलाच नव्हता. दुसऱ्या सत्रातील डेटा स्ट्रक्चर्स (माहिती साठवण्याच्या रचना) या विषयाला सीमधील पॉइंटर लागतात, म्हणून पहिल्या सत्रात पायथन ठेवल्यास सीसाठी किती तास राखावे लागतील, हेही कोणी अनुभवाने सांगू शकेल का?