अण्णांची 96 दिवसांची स्ट्रीक मोडायची कशी?

साताऱ्याची_लेक
आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते. आता 64 वय, अकरा वर्षं शुगर. डॉक्टरांनी, आईनं, मी, सगळ्यांनी ‘चाला’ म्हणून सांगून झालं. जेवण झालं की ते पेपर घेऊन आडवे. मार्चमध्ये माझ्या भाच्यानं त्यांच्या मोबाईलमध्ये पावलं मोजायचं अ‍ॅप टाकलं. रोज 10,000 झाली की हिरवा बिल्ला, सलग किती दिवस झाले त्याचा आकडा (तीच स्ट्रीक), आणि घरातल्या पाच जणांत कोण वर, कोण खाली याची यादी.

पहिला आठवडा ते नातवाच्या खाली होते. दुसऱ्यात पहाटे उठून टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत जायला लागले! ड्युटीवर असताना वेबिल (तिकिटांच्या हिशेबाचा कागद) आणि पैसे जुळल्याशिवाय डेपोतून हलायचे नाहीत, तोच स्वभाव. तीन महिन्यांची शुगर 8.4 होती, ती 7.3 वर आली. आई रिपोर्ट देवापुढे ठेवून आली.

पण परवा दिवसभर पाऊस, म्हणून रात्री साडेअकराला गच्चीत पत्र्याखाली अनवाणी येरझाऱ्या घातल्या. सकाळी आईला टाचेवर मोठा फोड दिसला. त्यांना कळलाच नव्हता, पाय बधिर असतात. थांबा म्हटलं तर डोळ्यांत पाणी आलं, “96 चं शून्य होईल गं.” अ‍ॅप काढलं तर चालणंच सुटेल अशी मला भीती आहे. काय करू?

मिरजेची_फिजिओ
ताई, आधी पाय. फोड फोडू नका, आजच डॉक्टरांना दाखवा, ते सांगेपर्यंत चालणं बंद. बधिर पायाला खडा टोचलेला समजत नाही. घरातसुद्धा चप्पल हवी, बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा, रोज रात्री तळवे आरशात बघायचे. शेक म्हणून गरम पाण्यात पाय बुडवायला लावू नका, भाजलं तरी कळणार नाही. अशा पायाची जखम चिघळलेली मी पाहिली आहे, म्हणून इतकं कळवळून सांगतेय.

रांगोळी_गल्ली
अण्णांना 10,000 चा उगम सांगा. जपानमध्ये 1965 साली यामासा कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र काढलं, नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. विकायचं नाव होतं ते, औषधाचा डोस नव्हे. 2019 साली अमेरिकेत आय-मिन ली यांच्या गटानं सरासरी 72 वयाच्या सोळा हजारांवर बायकांची पाहणी मांडली. दिवसाला 2,700 च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि 7,500 च्या पुढे फारसा फरक दिसला नाही.

कोथरूडचा_कोडर
अ‍ॅप ठेवा, खेळाचे नियम बदला. स्ट्रीकमध्ये आजारपणाला जागाच नसते, खरा दोष तिथे आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम हृदय अभ्यासातल्या कुटुंबांवर झालेला एक प्रयोग 2017 मध्ये छापून आला. 94 कुटुंबं, 200 माणसं, 12 आठवडे. आठवड्याच्या सुरुवातीलाच घराला 70 गुण. रोज एका सदस्याची निवड व्हायची. त्याचं आदल्या दिवशीचं लक्ष्य हुकलेलं असेल तर सगळ्या घराचे 10 गुण जायचे. सोमवारी पाटी पुन्हा कोरी. खेळणारे आधीपेक्षा दिवसाला सरासरी 1,661 पावलं जास्त चालले, न खेळणारे 636. खेळ संपल्यावर चालणं थोडं कमी झालं, तरी खेळलेले पुढेच राहिले. एक दिवस चुकला म्हणून तीन महिन्यांची मेहनत पुसली जात नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

साताऱ्याची_लेक
तीन आठवड्यांनी लिहितेय. फोड भरला. स्ट्रीक शून्यावर आली त्या दिवशी अण्णा मोबाईल उपडा ठेवून बसले होते, जेवलेही कमी. संध्याकाळी मी 70 गुणांचा खेळ समजावला, तेव्हा स्वतःच पट्टी घेऊन वहीत रकाने आखले, अगदी वेबिलासारखे. पावलं, पाय तपासले का, चप्पल. गुरुवारच्या रकान्यात त्यांनी ‘साप्ताहिक सुट्टी’ लिहिलंय. डॉक्टरांनी बूट घालून 5,000 पर्यंत परवानगी दिली आहे, लक्ष्य तेवढंच.

काल चिठ्ठी आईच्या नावाची निघाली आणि तिच्यामुळे घराचे दहा गुण गेले. आज साडेसहाला अण्णा तिची चप्पल दारात काढून ठेवून उभे होते.