तीन पोती पुस्तकं

सचिव, ए-२०१ (सकाळी ८.१२)
ग्रंथालयाचं या महिन्याचं पत्रक खाली फलकावर लावलं आहे. नवीन पुस्तकांची यादी, मुलांचा गोष्टींचा तास, रविवारी 'मानवी ग्रंथालय' असं काहीतरी. वृत्तपत्र कक्ष आता सकाळी तासभर आधी उघडणार.
हे झालं सूचनांचं. आता तक्रार. सगळ्यांचे माळे साफ करून जी तीन पोती पुस्तकं जमवली, ती काल मी आणि सी-४०१ नी उचलून तिथे नेली. घेतली नाहीत! म्हणे यादी करून आणा, त्यातली हवी ती निवडून घेऊ. फुकट देतोय तरी ही तऱ्हा.

सी-४०१ (८.१५)
माझी कंबर साक्षीला आहे.

डी-३०४ (८.२१)
पुस्तकांना कुणी नाही म्हणतं का?

ताई, बी-५०१ (८.४०)
सचिवसाहेब, रागावू नका, पण आयुष्यभर ग्रंथालयातच नोकरी केली म्हणून विचारते. पोत्यांत होतं काय?

सचिव, ए-२०१ (८.४१)
पुस्तकं.

सी-४०१ (८.४४)
मी सांगतो ताई. अर्धं पोतं जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं. संगणकाची ओळख करून देणारं एक पुस्तक, त्यात फ्लॉपीवर अख्खा धडा. कुठल्याशा कोशाचा फक्त चौथा खंड. आणि सूर्यमालेवरचं एक छान रंगीत पुस्तक, ज्यात ग्रह नऊ आहेत.

डी-३०४ (८.४५)
😂 प्लूटोला २००६ मध्येच काढला ना ग्रहांतून?

ताई, बी-५०१ (९.०२)
अहो, हेच तर. एखादं मूल प्रकल्पासाठी ते पुस्तक घरी नेणार आणि शाळेत तोंडघशी पडणार. शिवाय फुकट आलेलं पुस्तक ग्रंथालयाला फुकट पडत नाही. दाखल नोंदवहीत चढवा, दाखल क्रमांक घाला, शिक्के मारा, वर्गीकरण करा, पाठीवर चिठ्ठी डकवा. एवढं झालं की कपाटात जागा शोधा, आणि जागा म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी पुस्तकाची जागा. माळ्यावरच्या गठ्ठ्यात कसर असेल तर ती शेजारच्या पुस्तकांत जाते, ते निराळंच. एकदा दयेपोटी एक खोकं न तपासता ठेवून घेतलं होतं मी. पुढचे दोन महिने आम्ही सगळे कपाटं झाडत होतो.

आजोबा, सी-१०२ (९.२०)
बाई, तुमचं पटतं. पण ही मंडळी आहेत ती पुस्तकंसुद्धा बाद करतात. मी स्वतः पाहिलं आहे. गेल्या वर्षी बाहेर टेबलावर ढीग होता, 'हवं ते घेऊन जा' म्हणून. ग्रंथालयानेच पुस्तकं काढून टाकायची?

ताई, बी-५०१ (९.४१)
काढायचीच, आजोबा. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन हे मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम: पुस्तकं वापरासाठी आहेत. दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. मेलेल्या पुस्तकांच्या गर्दीतून जिवंत पुस्तक शोधायला लावलंत की चौथा नियम मोडलाच. पाचवा, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. पण भिंती वाढत नाहीत ना!
तुमचं अर्धं मात्र मान्य. जे पुस्तक दुसरीकडे कुठेच मिळत नाही, ते दहा वर्षांत कुणी नेलं नसलं तरी ठेवायचं. घाईत बाद करणारेही पाहिले आहेत मी. त्याबद्दल त्यांच्याशी भांडा, मी येते बरोबर.

आजोबा, सी-१०२ (९.४४)
ठरलं. 🙏

डी-३०४ (१०.१०)
गोष्टींच्या तासाबद्दल कुणी विचारत होतं. आम्ही जातो. पहिल्या दोन वेळा आमचं कार्टं टेबलाखालीच बसलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण गोष्ट सांगणाऱ्या बाईंनी त्याला एकदाही बाहेर बोलावलं नाही. तिसऱ्या वेळी स्वतःच निघाला आणि गोष्टीतला डायनोसॉर चुकीचा आहे म्हणाला. आता त्याला आमचा पिनकोड येत नाही, पण डायनोसॉरची पुस्तकं ५६७.९ या क्रमांकाला असतात हे पाठ आहे. सरळ त्या कपाटाशी जातो.

ताई, बी-५०१ (१०.१४)
ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालांनी पुस्तकांना विषयवार आकडे देणारी ही दशांश पद्धत १८७६ मध्ये छापली, ती या वयाच्या वाचकांमुळेच टिकली असं माझं ठाम मत आहे. मोठी माणसं काउंटरवर येऊन विचारतात, "ते निळ्या मुखपृष्ठाचं कुठे आहे?"

ए-४०३ (१०.३०)
अभ्यासिका परीक्षेच्या काळात उशिरापर्यंत उघडी ठेवणार का? पत्रकात काहीच नाही.

सचिव, ए-२०१ (१०.३२)
विचारून सांगतो.

सी-४०१ (१०.३५)
मानवी ग्रंथालय ही काय भानगड आहे?

ताई, बी-५०१ (१०.४८)
डेन्मार्कमध्ये २००० साली सुरू झालेली कल्पना. पुस्तकाच्या जागी माणूस. अर्ध्या तासासाठी तुम्ही तो 'वाचायला' घ्यायचा. समोर बसायचं, त्याला विचारायचं, तो सांगेल ते ऐकायचं. ज्यांच्याबद्दल आपण न बोलताच मत बनवून बसतो, अशी माणसं मुद्दाम निवडतात. अजून दोन 'पुस्तकं' हवी आहेत म्हणे त्यांना.

सी-४०१ (१०.४९)
आजोबांना देऊ या. दुर्मिळ प्रत.

आजोबा, सी-१०२ (१०.५५)
बाद करू नका म्हणजे झालं.

डी-३०४ (११.०३)
मी खरंच सुचवते, आपले रात्रपाळीचे वॉचमनदादा. रोज आपल्याला आत घेतात, पण त्यांचं गाव कुठलं हे या ग्रुपवर कुणाला माहीत आहे?

(पुढची वीस मिनिटं कुणाचाच संदेश नाही.)

ताई, बी-५०१ (११.२४)
आधी त्यांना विचारा. त्यांना आवडणार असेल तरच. आणि त्या दिवशी त्यांची झोप मोडणार नाही अशी वेळ मागा.

सचिव, ए-२०१ (दुपारी १.१७)
पोती उघडून यादी करायला बसलो आहे. घेण्यासारखी एकतीस निघाली. बाकी रद्दी.

सचिव, ए-२०१ (१.१९)
हा संदेश हटवला आहे.

सी-४०१ (१.२०)
वाचला मी.

डी-३०४ (१.२०)
काय होतं?

सी-४०१ (१.२२)
एकतीसपैकी एकावर ग्रंथालयाचाच शिक्का आहे. तारखेच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख २०१४ ची. आणि ते ए-२०१ च्या माळ्यावरून आलं आहे.

सचिव, ए-२०१ (१.२५)
मुलाने आणलं होतं तेव्हा. मला कल्पना नव्हती. दंड किती होईल हो ताई?

ताई, बी-५०१ (१.३३)
मुकाट्याने काउंटरवर ठेवा. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये उशिराचा दंडच बंद केला, तर लोक वर्षानुवर्षं दडवलेली पुस्तकं घेऊन परत यायला लागले. दंडाच्या भीतीने पुस्तकही जातं आणि वाचकही. आपल्याकडे काय नियम आहे ते तिथे विचारा, पण परत आणलं म्हणून कुणी फाडून खात नाही. पुस्तक कुठलं आहे?

सचिव, ए-२०१ (१.३४)
वेळेचं नियोजन.

सी-४०१ (१.३४)
😂😂😂

सचिव, ए-२०१ (१.४०)
रविवारी अकराला निघू. तीस पुस्तकं यादीसकट, एक परत करायचं, आणि अभ्यासिकेच्या वेळा विचारायच्या. या वेळी एकच पिशवी आहे, सी-४०१ नी कंबरेची काळजी करू नये. वॉचमनदादांशी मी आज रात्री बोलतो.